इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फोटो काढायचेत? आधी पंचांग उघडा

आपल्या बडोद्यात घरटी कुणीतरी इंग्लंडला असतंच, कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची भाची, आणि मार्च-एप्रिलमध्ये व्हिसा हातात पडला की लोक मला विचारायला येतात की समुद्राचे फोटो काढायचेत, कुठली लेन्स घेऊ. मी रावपुऱ्यात राहतो, वीस-बावीस वर्षं लग्नमुंजीचे फोटो काढतोय म्हणून विचारतात. मी त्यांना उलट विचारतो की लेन्सचं नंतर बघू, तुम्ही कुठल्या महिन्यात चाललात आणि तेव्हा तिथी काय आहे? कारण तिथल्या किनाऱ्यावर फोटो होणार की नाही हे अर्धंअधिक सूर्य कुठल्या बाजूला आहे आणि पाणी किती वर आहे यावर ठरतं, कॅमेरा त्याच्या बराच नंतर येतो.

मला हे कळायला एक अख्खी ट्रिप लागली. माझी भाची होव्हला राहते, म्हणजे ब्रायटनला अगदी लागून. पहिल्यांदा गेलो तो जून महिना होता, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ट्रायपॉड घेऊन बीचवर जाऊन उभा राहिलो, डोक्यात द्वारका-सोमनाथचे सूर्यास्त होते, म्हटलं समुद्र आहे म्हणजे सूर्य समुद्रातच बुडणार. सव्वानऊ वाजले, सूर्य माझ्या पाठीमागे शहराच्या घरांआड गेला आणि समुद्राच्या बाजूला नुसतं फिकट निळं राहिलं. भाची म्हणाली, मामा, इथे उन्हाळ्यात असंच असतं, पाण्यावर सूर्य बघायचा तर थंडीत या. मग डिसेंबर-जानेवारीत गेलो आणि तेव्हा सगळं समजलं, ते सांगतो.

सूर्याचं गणित

हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि ब्रायटन साधारण ५०.८ अंश उत्तरेला, आपलं बडोदं २२.३ ला. जूनमध्ये तिथे सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणजे दोन्ही वेळा जमिनीच्या बाजूला. डिसेंबरमध्ये आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, म्हणजे दोन्ही वेळा समुद्रावर. एकाच बाकावर बसून सकाळी सूर्योदय आणि संध्याकाळी सूर्यास्त दोन्ही पाण्यावर बघता येतात, आणि दिवस केवढा तर आठला उगवतो नि चारला मावळतो, आठ तासांत खेळ खलास. जूनमध्ये उलट, पावणेपाचला उगवणार आणि सव्वानऊला मावळणार.

आणखी एक गोष्ट जी आपल्याकडे कधी मिळत नाही. डिसेंबरात भर दुपारी बारालासुद्धा सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर असतो, आपल्याकडे त्याच दिवसांत ४४ अंश. म्हणजे लग्नात आपण साडेपाचच्या उन्हासाठी नवरा-नवरीला थांबवून ठेवतो ना, तसं तिरपं पिवळं ऊन तिथे दिवसभर पडलेलं असतं, फक्त ढग बाजूला व्हायला हवेत. ढग हटायची वाट बघावी लागते, पण तिथलं आकाश तासातासाला बदलतं त्यामुळे सकाळी पाऊस दिसला म्हणून घरी बसू नका, पाऊस थांबल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात भारी असतात, हवा धुतलेली, खाली दगड ओले आणि मागे काळे ढग.

आता तुम्ही म्हणाल आम्हाला तर शाळेच्या सुट्टीतच जाता येतं, मे-जूनमध्ये. ठीक आहे, मग जागा बदला. केंटमधलं मार्गेट उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथे उन्हाळ्यात सूर्य खरंच समुद्रात मावळतो. चित्रकार टर्नर वारंवार तिथे जायचा आणि आज तिथे किनाऱ्यावरच त्याच्या नावाची आर्ट गॅलरी उभी आहे, २०११ मध्ये सुरू झालेली. आणि ब्रायटनच्या बाजूलाच असाल तर मावळतीची वाट बघू नका, संध्याकाळी सहा ते आठ हीच तुमची वेळ धरा, ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं आणि पांढऱ्या कड्यांवर पडतं.

आता पंचांग

आपल्याला भरती-ओहोटी शिकायला लांब जायला नको. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव बहुतेकांनी पाहिलंय, दिवसातून दोनदा देऊळ पाण्याखाली जातं आणि दोनदा वर येतं, खंभातच्या आखातातली भरती जगातल्या मोठ्या भरत्यांमध्ये मोजतात. इंग्लंडचा किनारा एवढा नाही पण कमीही नाही, ब्रायटनला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दोन मजली घर. तोच बीच सकाळी बघितला आणि दुपारी बघितला तर ओळखू येत नाही.

ब्रायटनचा बीच गोट्यांचा आहे, वाळू नाहीच असं वाटतं. पण पाणी पूर्ण उतरलं की गोट्यांच्या खाली ओल्या वाळूचा सपाट पट्टा उघडा पडतो आणि त्या पट्ट्यात पिअरचं, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्याचं, प्रतिबिंब दिसतं, आरशासारखं. हा फोटो भरतीला मिळतच नाही, कितीही महाग कॅमेरा असू दे.

म्हणून हे लक्षात ठेवा. पौर्णिमा आणि अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाण्यात फार फरक पडत नाही. आणि ब्रायटनच्या त्या सगळ्या पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी नि संध्याकाळी सहाच्या आसपास, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं म्हणून साताच्या आसपास. हे एकदा डोक्यात बसलं की घरी बसून पंचांगावरून ट्रिपची तारीख काढता येते! मी जानेवारीतली पौर्णिमा धरून तिकीट काढलं, चारला सूर्यास्त, तेव्हा पाणी उतरत असतं, साडेचार-पाचला निळा प्रकाश आणि ओली वाळू, पिअरचे दिवे लागलेले, सगळं एकाच तासात मिळालं. नेमकी वेळ मात्र त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघूनच धरा, आणि कोष्टक जीएमटीत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत, असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवायला विसरू नका. रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते.

पश्चिमेकडे डॉर्सेटमध्ये गेलात तर तिथे पाण्याचा फरक बराच कमी असतो, त्यामुळे तिकडे सूर्याला जास्त मान द्या, पाण्याला थोडा कमी.

फोटोसाठी शक्यतो उतरतं पाणी धरा, चढतं नको. उतरत्या पाण्यात वाळू नुकतीच धुतलेली असते, पावलांचे ठसे नसतात, आणि दुसरं म्हणजे जिवाला धोका कमी. चढत्या पाण्यात कड्याखाली पुढच्या वळणापर्यंत चालत गेलात की परतीची वाट बंद होऊ शकते, वर चढायला जागा नसते. असं काही झालंच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

जागा, पण सगळ्या नको

लोक आठ दिवसांत बारा जागा करतात, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि मग सगळे फोटो दुपारी एकचे. तीन जागा निवडा आणि एकेका जागी दोनदा जा.

मला एकच जागा निवडायला सांगितली तर सेव्हन सिस्टर्स. सीफर्ड आणि ईस्टबोर्नच्या मध्ये खडूच्या दगडाचे पांढरेशुभ्र कडे आहेत, लाटेसारखे वरखाली होत जाणारे. यात एक घोटाळा नेहमी होतो, लोक कड्यांच्या वर चढतात आणि मग म्हणतात कडे दिसतच नाहीत. कडे बघायचे तर समोरच्या बाजूला जायला लागतं, म्हणजे सीफर्डच्या बाजूला, कोस्टगार्डची जुनी घरं आहेत तिथे. घरं फोरग्राउंडला, मागे कडे, हाच तो सगळीकडे दिसणारा फोटो. मध्ये ककमिअर नावाची नदी समुद्राला मिळते आणि मुखाशी पूल नाही, पूल आत एक्सीटला आहे, तेव्हा कुठल्या काठावर उभं राहायचं हे बसमधून उतरायच्या आधीच ठरवा नाहीतर समोर दिसतंय आणि पोचता येत नाही अशी गत होते. ब्रायटनहून ईस्टबोर्नला जाणारी १२ नंबरची बस एक्सीटला थांबते, किंवा ट्रेनने सीफर्डला उतरून तासभर चालायची तयारी ठेवा. कडे नैर्ऋत्येकडे तोंड करून आहेत म्हणून हिवाळ्यात दुपारी दोननंतर ऊन सरळ त्यांच्यावर येतं आणि शेवटच्या वीस मिनिटांत पांढऱ्याचं केशरी होतं. सकाळी जाऊ नका, सावलीत असतात. मी इथे लग्नातली, लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स लावली आणि वाइड लेन्स बॅगेतच राहिली, लांबून घेतलं की सातही कडे एकमेकांना चिकटून येतात, आणि वरून चालणारं एखादं माणूस मुंगीएवढं फ्रेममध्ये आलं की मगच उंची कळते.

तिथून पूर्वेला बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा कडा, खाली पाण्यात लाल-पांढरं दीपगृह १९०२ सालचं. जवळच बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह आहे, कडा ढासळत जवळ आला म्हणून १९९९ मध्ये ती अख्खी इमारत १७ मीटर मागे सरकवली. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. हा दगड खरंच ठिसूळ आहे, वरून गवत दिसतं पण खाली पोकळ असू शकतं, न सांगता मोठाले तुकडे कोसळतात. काठावर बसून पाय सोडलेले फोटो कृपा करून काढू नका आणि दुसऱ्यालाही काढायला लावू नका, काठापासून चांगलं आठ-दहा पावलं मागे राहा, आणि खाली बीचवर असाल तर कड्याला टेकून डबा खाऊ नका.

डॉर्सेटमधलं डर्डल डोअर म्हणजे समुद्रात उभी असलेली चुनखडीची कमान. हा सगळा किनारा ज्युरासिक कोस्ट म्हणून २००१ पासून जागतिक वारशात आहे. डिसेंबर-जानेवारीत उगवता सूर्य त्या कमानीच्या आरपार दिसतो, त्यासाठी लोक अंधारात बीचवर उतरून थांबतात. उतार तीव्र आहे, पायऱ्या ओल्या असतात, कपाळाला लावायची बॅटरी हवीच. ब्रायटनहून हे एका दिवसात होत नाही, आदल्या रात्री जवळ मुक्काम करा. उन्हाळ्यात गेलात तर संध्याकाळी पश्चिमेकडच्या टेकाडावरून घ्या. तिथूनच पुढे पोर्टलंड बिलचं १९०६ चं दीपगृह आहे, वारा जोरात असेल त्या दिवशी लाटांसाठी जा, आणि वेळ उरला तर लाइम रेजिस, कॉब नावाची वळणदार दगडी भिंत समुद्रात गेलीय, भिंत उतरती आणि निसरडी आहे, कठडा नाही, लाटा वर येत असतील तर तिच्यावर चढू नका, लांबूनच घ्या.

कॅमेऱ्याचं

पांढरे कडे म्हणजे आपलं कच्छचं पांढरं रण समजा. कॅमेऱ्याला सगळं पांढरं दिसलं की तो ते करडं करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, थोडं वाढवा, पाऊण स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), पण सरळ ऊन पडलेलं असेल तेव्हा उलटी भीती, पांढरा जळून जातो आणि मग रॉमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही, परत येत नाही. हायलाइटची, म्हणजे जळणाऱ्या पांढऱ्या भागाची, लुकलुकणारी सूचना चालू ठेवा आणि ती जिथे थांबते तिथपर्यंतच वाढवा.

लाटांसाठी शटरचे तीन वेगळे वेग आणि तीन वेगळे फोटो. दगडावर फुटणारं पाणी गोठवायचं तर १/१००० किंवा त्याहून जलद. परत जाणाऱ्या पाण्याच्या रेघा गोट्यांमधून ओढल्यासारख्या हव्यात तर पाव ते एक सेकंद, आणि बटण लाट येताना नाही, मागे फिरायला लागली की दाबायचं, मला सगळ्यात आवडतात ते हेच फोटो. आणि समुद्र एकदम गुळगुळीत करायचा तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, जो प्रकाश हजारपट कमी करतो, फिल्टरशिवाय १/३० येत असेल तर फिल्टर लावून साधारण ३४ सेकंद. ब्रायटनच्या वेस्ट पिअरला हे फार शोभतं. तो पिअर १८६६ चा, १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये आगी लागल्या आणि आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे, सभोवती पाणी शांत केलं की त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटतं. पण तिथेच थंडीत संध्याकाळी साळुंकीच्या जातीचे हजारो पक्षी थव्याने फिरतात, थवा आकाशात लाटेसारखा वळतो, तेव्हा तो फिल्टर ताबडतोब काढा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवा आणि १/५०० च्या खाली जाऊ नका.

ट्रायपॉडचं वाऱ्यात काय होतं ते इथे बसून कळत नाही. मधली दांडी वर काढू नका, पाय गोट्यांमध्ये दाबून रोवा, आणि कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून ठेवा कारण तो फडफडतो आणि तीस सेकंदांचा फोटो हलतो. वाळूत लाट पायांखालून गेली की ट्रायपॉड खचतो, म्हणून लाट गेल्यावर पुन्हा दाबा आणि मग शटर. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय साध्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर जॉइंट धरतात. लेन्सवर खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब बसतात, ते कोरड्या कापडाने घासू नका, मीठ काचेवर ओरखडे काढतं, आधी ओलसर कापड मग कोरडं. मी बायकोच्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून नेले होते, विकतच्या कापडापेक्षा चांगले चालले. आणि बाहेरच्या थंडीतून हीटर लावलेल्या घरात शिरलात की लेन्सवर वाफ धरते, म्हणून बाहेरच कॅमेरा पिशवीत घालून चेन बंद करा आणि घरात तासभर उघडू नका. बॅटरी थंडीत लवकर उतरते, जास्तीची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

फोनवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब फोन जमिनीला टेकवून धरला तर कॅमेऱ्यापेक्षा सोपं येतं.

गावं आणि माणसं

समुद्रकाठची गावं ढगाळ दिवशी घ्या. करड्या आकाशाखाली रंग उठून दिसतात, होव्हची रंगीत दारांची लाकडी बीच-हट, पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्या, चिप्सच्या दुकानाचा पिवळा दिवा. पाऊस पडून गेला की फरसबंदीवर पिअरच्या दिव्यांची प्रतिबिंबं. हेस्टिंग्जला सकाळी लवकर जा, तिथे मासेमारीच्या बोटी आजही सरळ बीचवरून पाण्यात ढकलतात आणि जाळी ठेवायच्या उंच, काळ्या लाकडी खोल्या ओळीने उभ्या आहेत, काळ्या फळ्यांवर सकाळचं तिरपं ऊन सुरेख पडतं. कोळी काम करत असतात, आधी हात हलवून विचारा, दोन मिनिटं बोला, मग कॅमेरा वर करा. सार्वजनिक जागी फोटो काढायला तिथे मनाई नाही पण दुसऱ्यांची लहान मुलं बीचवर असतील तर कॅमेरा तिकडे वळवूच नका.

किनाऱ्यावरच्या बाकांवर जवळून बघा, खूप बाकांवर छोट्या पाट्या असतात, कुणाच्या तरी आठवणीत घरच्यांनी लावलेल्या, की यांना इथे बसून समुद्र बघायला आवडायचं. त्यावर एखादे आजोबा चहाचा थर्मास घेऊन बसलेले असतात, आपल्या सूरसागर तलावाच्या पाळीवर संध्याकाळी बसतात तसेच. मागून, थोडं लांबून, समुद्रासकट घ्या, चेहरा नसला तरी चालतं.

आणि एक जागा जिथे आपल्या माणसाने जायलाच हवं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन राजवाड्याचं इस्पितळ केलं होतं. जे हिंदू आणि शीख जवान ब्रायटनमध्ये मरण पावले त्यांतल्या ५३ जणांना शहराबाहेर टेकडीवर अग्नी दिला आणि त्याच जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे, १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. गाडी जात नाही, पॅचमच्या बाजूने माळावरून चालत जावं लागतं, हिवाळ्यात गुडघाभर चिखल, तेव्हा जाड बूट घाला. मी जानेवारीत सकाळी नऊला पोचलो, गवतावर दव गोठलेलं, सूर्य एवढा खाली की छत्रीची सावली पार उतारावर लांबवर गेलेली, मागे मेंढ्या आणि अगदी दूर समुद्राची पट्टी. संगमरवर पांढरा आहे म्हणून कड्यांसारखंच, हायलाइट बघून एक्स्पोजर. वाइड लेन्सने खूप जवळ जाऊ नका, घुमट तिरका होतो, दहा-पंधरा पावलं मागे येऊन ५० च्या लेन्सने घ्या आणि भोवतीचा मोकळा माळ फ्रेममध्ये राहू द्या. मी चार फोटो काढले, मग कॅमेरा बॅगेत ठेवून चपला-बुटांचं काय करायचं कळेना म्हणून बूट काढून पायरीपाशी उभा राहिलो, भाचीनेही काढले.

जायच्या आधी एका पौर्णिमेला कावी-कंबोईला एक फेरी करा, दोन तासांचा रस्ता आहे. चिखलात आत उतरू नका, काठावरच ट्रायपॉड लावा आणि पाणी चढताना दर दहा मिनिटांनी त्याच जागेवरून एक फोटो घ्या, शटरचे तीनही वेग तिथेच वापरून बघा. बरोबर ठेपले ठेवा, भरतीची वाट बघताना भूक लागते.